एफवायचं झूलॉजी: समुद्र दोन किलोमीटरवर आणि आम्ही बघतोय बाटलीतला स्टारफिश

खाडीकाठ
मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एसवायला आहे. मागच्या वर्षी पोरीफेरापासून एकायनोडर्माटापर्यंत, म्हणजे स्पंजपासून स्टारफिशपर्यंतचे बिनकण्याचे प्राणी, सगळं पाठ केलं, जर्नल रंगवलं, स्पॉटच्या परीक्षेत बाटल्या ओळखल्या. बाटल्या तरी कसल्या, फॉर्मलिनमध्ये राहून राहून आतलं सगळं चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं झालंय, त्यामुळे आम्ही प्राणी नाही तर नंबर पाठ केले, चार नंबर म्हणजे सेपिया. आणि एका बुधवारी घरी आई माकुल साफ करत होती, तिनं आतलं पांढरं हलकं हाड काढून पाटावर ठेवलं, समुद्रफेस म्हणतात ते, आणि मला तेव्हा ट्यूब पेटली की अरे हीच सेपिया, हेच ते 'इंटर्नल शेल' ज्यावर मी दोन मार्क घेऊन आलोय! शिंपलीचं बाहेर तेच हिचं आत. माझं म्हणणं, कोकणातल्या कॉलेजांनी पहिलं वर्ष किनाऱ्यावरच शिकवावं. पटतंय का?

जर्नल_कम्प्लीट
नाही पटत. खडकावर ते पांढरे टोकदार चिकटलेले असतात ना, पाय कापतात ते, बार्नेकल, ते बघून काय वाटतं? शिंपल्याचाच भाऊ. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनीयसला आणि क्युविएला पण तेच वाटलं होतं. 1830 मध्ये थॉम्पसन नावाच्या माणसानं त्यांची पिल्लं मायक्रोस्कोपखाली वाढताना बघितली तेव्हा कळलं की हे कुर्लीच्या, कोळंबीच्या खानदानातलं. तुम्ही जन्मभर किनाऱ्यावर बसलात तरी नुसत्या डोळ्यांनी हे दिसणार नाही. क्लासिफिकेशन कंटाळवाणं आहे मान्य, पण तेच तर झूलॉजी आहे. बाकी पिकनिक.

मोरीची_सागोती
पिकनिक काय पिकनिक! आमच्याकडे मोरी, म्हणजे छोटा शार्क, कापताना पोटात पिल्लं निघाली, बोटाएवढी, नाळेसकट. मासा आणि नाळ? मी आठवीत असताना बघितलं ते. नंतर एफवायला स्कॉलिओडॉन आला, म्हणजे हीच मोरी, 'व्हिव्हिपॅरस' म्हणजे पिल्लांना जन्म देणारा हा शब्द आला, वर्गात सगळे घोकत होते आणि मला काही पाठच करावं लागलं नाही. त्या मोरीच्या पाठीवर शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवून बघा, पॉलिश पेपर. ते प्लॅकॉइड स्केल्स, बारीक काटेरी खवले. आकृतीत ती नुसती फुलीफुलीची नक्षी असते.

जर्नल_कम्प्लीट
आणि लॅबमध्ये मोरी कापायची म्हणाल तर 2014 साली यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, कॉलेजातली डिसेक्शनं बंद करायला सांगितलीत, माहीत आहे ना?

मोरीची_सागोती
म्हणजे आईनं कापली की कालवण आणि आम्ही कापली की नियमभंग 😂 बरं नका कापू, मच्छी मार्केटात नुसतं उभं राहून बघायला तर कोणाची बंदी नाही?

डोलकर_पोरगा
दोघांच्या भांडणात एक साधी गोष्ट राहिली, टाईमटेबल. आमच्या बॅचचं प्रॅक्टिकल 11 ते 1. आता हिशोब करा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, म्हणजे अवस-पुनवेला, जेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं आणि बघण्यासारखं सगळं उघडं पडतं, तेव्हा नेमकी आमच्या प्रॅक्टिकलला भरती! ओहोटी पहाटे साडेपाचला नाहीतर संध्याकाळी. दुपारी ओहोटी मिळते ती अष्टमीला, पण तेव्हा भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी धड मागे सरतच नाही. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले समुद्राला तुमच्या प्रिन्सिपलची सही लागत नाही.

शेवाळ_घसरगुंडी
मी शिकवते, म्हणून बोलते. पहिलं सेमिस्टर जूनमध्ये सुरू होतं. तेव्हा मासेमारीच बंद असते, 31 जुलैपर्यंत बोटी वर ओढलेल्या, समुद्र खवळलेला, खडकावर शेवाळ. साठ पोरं आणि आम्ही दोघी. एक जण घसरला तर पालक कोणाला धरणार? शिवाय पोरं दिसेल ते खिशात घालतात. सी-हॉर्स, कोरल, सी-कुकुंबर हे सगळे वन्यजीव कायद्यात आहेत, 'सॅम्पल' म्हणून उचललं तरी गुन्हाच. खाडीकाठ, तुझी तळमळ कळते रे, पण आधी नोव्हेंबर येऊ दे.

खाडीकाठ
मॅडम, उचलायचं नाहीच, बघायचं आणि परत. आणि तुम्ही म्हणता तसं दुसऱ्या सेमला चालेल की. पण मग पोरीफेरा ते एकायनोडर्माटा दुसऱ्या सेमला ढकला, कारण तेव्हा आम्हाला पाठीचा कणा असलेले प्राणी शिकवतात, आणि किनाऱ्यावर बेडूक कुठून आणू?

जर्नल_कम्प्लीट
हा मुद्दा बरोबर आहे, हे मी फक्त एकदाच म्हणणार.

डोलकर_पोरगा
नोव्हेंबरच्या अवसेला पहाटे साडेपाच, आमच्या जेट्टीपाशी. स्लीपर नको, जुने बूट घाला, बार्नेकल क्लासिफिकेशन विचारून कापत नाही.

जर्नल_कम्प्लीट
येतो. हँड लेन्स माझा, पण परत द्यायचा.