चाळीच्या पुनर्विकासाचं माहितीपत्रक: डिझाइन, कागद, फॉन्ट सुचवा (बजेट 3,000)

गिरणगावची_लेक: नमस्कार मंडळी. मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत आमची तिसरी पिढी. पाच चाळींनी मिळून रहिवाशांसाठी माहितीपत्रक काढायचं ठरवलंय. एका चाळीत 80 खोल्या, म्हणून 400 प्रती. वर्गणीचे 3,000 रुपये जमलेत, जास्त जमणार नाहीत. 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी 500 चं घर, तोवर राहायचं कुठे आणि कागदपत्रं कोणती, एवढंच सांगायचंय. वाचणारे बहुतेक साठीपुढचे.

शाईवाला: 170 जीएसएमचा जाड, गुळगुळीत आर्ट पेपर, मॅट लॅमिनेशन, तीन घड्या. आमच्या सोसायटीचं असंच केलं, लोकांनी अजून कपाटात जपून ठेवलंय. 22,000 गेले, पण वसूल.

ठाण्याचा_बाळ्या: आर्ट पेपरला +1. इथे पैसे वाचवू नका.

अक्षरवेडी: ताई, आधी फॉन्ट बघा. आमच्या मंडळाचं पत्रक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. प्रेसच्या मशीनवर तो नव्हताच, 500 प्रतींवर नुसता गचाळ मजकूर! रडायची बाकी होते मी. युनिकोडमध्येच टाइप करा, 'मुक्ता' फुकट मिळतो. प्रेसला देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे आकृत्यांमध्ये बदलून पीडीएफ द्या, मग तिथे फॉन्ट नसला तरी चालतं. आणि शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधली जागा वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

जुना_परळकर: मुखपृष्ठावर बाबासाहेबांचा फोटो हवाच. ते बीडीडीतच राहायचे.

दादरवाली: काका, ती परळची बीआयटी चाळ. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, 1920 च्या दशकातल्या.

जुना_परळकर: आम्ही लहानपणापासून हेच ऐकतोय.

दादरवाली: ऐकलेलं छापू नका एवढंच म्हणते. एक चूक सापडली की कागदपत्रांच्या यादीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

ठाण्याचा_बाळ्या: फॉन्ट युनिकोडच घ्या. आणि टॉवरचं थ्रीडी चित्र टाका, भारी दिसतं.

वरळी_सीफेस: चित्राने पोट भरत नाही. आमच्या वरळीच्या बीडीडीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या, त्यात माझा मामा होता. वर्षानुवर्षं त्याने टॉवरचं चित्रच पाहिलं. मामीचे प्रश्न वेगळेच: मोरी कुठे, देव्हारा कुठे, पलंग बसेल का? जुनी खोली आणि नवं घर एकाच स्केलवर शेजारी शेजारी काढा. 500 हे कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ आहे, हे ठळक लिहा. आणि खाली तारीख टाका, नियम बदलला की जुना कागद दाखवून भांडणं होतात. आमच्याकडे झालीत.

शाईवाला: नकाशा आर्ट पेपरवरच उठून दिसतो.

अक्षरवेडी: 400 प्रतींना प्लेट बनवून करायची ऑफसेट छपाई परवडतच नाही हो दादा!

गिरणगावची_लेक: सगळ्यांचे मनापासून आभार. आर्ट पेपर नाही, घड्या नाहीत, मुखपृष्ठही नाही. साधा ए4, दोन्ही बाजूंनी, रिसोवर, म्हणजे स्टेन्सिलच्या स्वस्त छपाई मशीनवर, काळ्या शाईत. मुक्ता, 16 पॉइंट, पहिल्या ओळीपासून कागदपत्रांची यादी, तळाशी तारीख. नकाशा छापणार नाही, लहान रेघा आमच्या म्हाताऱ्यांना दिसत नाहीत. रविवारी मैदानात फक्कीने 500 चौरस फुटांचं घर खऱ्या मापात आखतोय, त्याच्या आत आमची खोली. आई म्हणते, पलंग उचलून आणू आणि ठेवून बघू. चार पोरं तयार आहेत.