स्पॉयलर: रहस्यभेद की रसभंग?

प्रश्न: चित्रपट-परीक्षणात 'स्पॉयलर'साठी 'रसभंग' चालेल का? काही ठिकाणी 'गौप्यस्फोट'ही दिसतो. आणि कलाटणी आधी कळली की रस खरंच जातो का?

---

'गौप्यस्फोट' नको, तो राजकारणाच्या बातम्यांतला. 'बिंग फोडणे'ही नाही, कारण त्यात कुणाची तरी लबाडी गृहीत असते. 'रहस्यभेद' नेमका. बोलताना 'स्पॉयलर'च म्हणा, कुणी अडत नाही. अनेकवचनही तेच: दोन स्पॉयलर.

---

'रसभंग' हा परिणाम आहे, कृती नव्हे, आणि रहस्यभेदामागून तो येईलच असं नाही. २०११ मध्ये लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १२ लघुकथांवर प्रयोग केला. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा सरासरीने जास्त आवडल्या, अगदी कलाटणीच्या कथासुद्धा. पण लघुकथा म्हणजे दोन तासांचा चित्रपट नव्हे, आणि पुढे इतरांच्या प्रयोगांत उलट निष्कर्षही निघाले. रससिद्धान्ताचा काश्मिरी भाष्यकार अभिनवगुप्त याने रसाची सात विघ्नं, म्हणजे आस्वादातले अडथळे, सांगितली आहेत; कथानक आधी ठाऊक असणं त्यांत नाही.

---

अभिनवगुप्तासमोरची नाटकं बहुतेक माहीतच असलेल्या कथांवरची, हेही धरा ना! धक्का आणि उत्कंठा वेगळ्या काढल्या की गुंता सुटतो. रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याचं टेबलाखालच्या बाँबचं उदाहरण घ्या: प्रेक्षकाला बाँब ठाऊक नसेल तर १५ सेकंदांचा धक्का, ठाऊक असेल तर १५ मिनिटांची उत्कंठा. मात्र तो बाँब चित्रपटच दाखवतो, ठरलेल्या क्षणी. शेजारी बसलेला मित्र ती वेळ पाळत नाही. याच हिचकॉकने 'सायको' (१९६०) सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका, अशी अट घातली होती.

म्हणून सगळी भिस्त एकाच खुलाशावर असेल तर रहस्यभेदाने पहिल्या पाहण्यातली मजा जातेच. खुणा नीट पेरलेल्या असतील तर शेवट माहीत असणाऱ्याला वेगळं काही मिळतं: तेच संवाद दुहेरी अर्थाने ऐकू येतात, कोणतं पात्र कुणाच्या प्रश्नाला उत्तरच देत नाही ते दिसतं. ती मजा एरवी दुसऱ्यांदा पाहतानाच मिळते.

---

लिहिणाऱ्यांसाठी: 'पुढे रहस्यभेद आहे' ही सूचना मजकुराच्या आधी आणि चित्रपटाच्या नावासह द्या, शीर्षकातच उत्तर असेल तर तिचा उपयोग शून्य. 'शेवटी जबरदस्त कलाटणी आहे' हाही रहस्यभेदच. ते वाचलेला प्रेक्षक पहिल्या दृश्यापासून प्रत्येकावर संशय घेत बसतो.

---

मराठीत आणखी एक खड्डा आहे: क्रियापद. 'खुनी शेवटी सापडते' लिहिलंत की निम्मी पात्रं वगळली गेली. 'सापडतो' लिहावं आणि खुनी बाई निघावी, तर वाचकाला फसवल्यासारखं होतं. 'खून करणारी व्यक्ती' लिहा. 'व्यक्ती' स्त्रीलिंगीच असल्यामुळे क्रियापदावरून काही कळत नाही. 'खुनाचा छडा लागतो' हेही सुरक्षित, कारण तिथे क्रियापद 'छडा'प्रमाणे चालतं.