बाळाचा डोस चुकतो, तो कुणामुळे?

पुण्यातील पालक: लस मोफत आहे आणि आशाताई दारात येतात. तरीही बाळाचे डोस चुकत असतील, तर त्याला आईबापांची बेफिकिरीच कारणीभूत आहे.

निवृत्त आरोग्यसेविका: हे वाचून गप्प बसवेना. पहिले बाळंतपण माहेरी होते. दीड महिन्याचा डोस तिथल्या उपकेंद्रात मिळतो, पण अडीच महिन्यांचा डोस येईपर्यंत आई सासरी गेलेली असते, कार्ड माहेरच्या कपाटात राहते आणि सासरच्या आशाताईंच्या यादीत बाळाचे नावच नसते. यात बेफिकिरी कुणाची?

पुण्यातील पालक: कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवणे एवढे अवघड आहे का? माझ्या बहिणीने ठेवला होता.

बीडचा शिक्षक: आमच्याकडे घरातला एकमेव मोबाइल बहुधा सासऱ्यांच्या खिशात असतो. ऊसतोडीला गेलेल्या आईने बाळासाठी फड सोडला, तर खाडा लागतो आणि मुकादम पैसे कापतो. हे तुम्ही फोटोने कसे भरून काढणार?

एक आजी: शेवटी खापर सासवांवरच फुटणार, म्हणून आधीच लिहिते. सव्वा महिना बाळंतिणीला बाहेर काढत नाहीत, पण त्यापायी दीड महिन्याचा डोस कधीच चुकत नाही.

निवृत्त आरोग्यसेविका: आजी, डोसापुरते तुमचे खरे आहे. पण त्याच दिवसांत बाळ अंगावर ओढेनासे होते, गार पडते, आणि घरचे ‘सव्वा महिना होऊ दे’ म्हणून थांबतात. म्हणून तर आशाताईंना 42 दिवसांत घरी 6 भेटी द्यायच्या असतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, तेव्हा मृत्यू निम्म्याहून कमी झाले. सेवा उंबरठ्याच्या आत गेली, रीत मोडावी लागली नाही.

एक आजी: माझा नातू जन्मला तेव्हा 1 किलो 900 ग्रॅमचा होता. एवढ्याशा जिवाला सुई सोसणार नाही म्हणून वजन वाढेपर्यंत मीच थांबवले. ती बेफिकिरी नव्हती, मला रात्र रात्र झोप नव्हती.

निवृत्त आरोग्यसेविका: भीती समजते, पण अशक्त बाळाला संसर्गाचा धोका जास्त असतो. वजन कमी असले तरी डोस जन्मतारखेप्रमाणेच द्यायचा असतो. हे तुम्हाला दवाखान्यातून घरी सोडतानाच कुणीतरी सांगायला हवे होते.

एक आजी: कुणीही सांगितले नाही. नाहीतर मी थांबवले नसते.

पुण्यातील पालक: ‘बेफिकिरी’ हा शब्द मी मागे घेतो. मात्र वडिलांना तारीख ठाऊक नसणे मी अजूनही माफ करणार नाही.