मुक्कामी ट्रेकसाठी सॅक : ४५ लिटर पुरेल की ६० घ्यावी?

प्रश्न (रानवाट)
डिसेंबरपासून साल्हेर आणि कुलंग या गडांवर एका मुक्कामाचे ट्रेक ठरतायत, मध्ये हरिहर गडही आहे. निघायचं नाशिकहून, तंबू दोघींत एक. माझी उंची ५ फूट ४ इंच, वजन ५८ किलो. सध्याची सॅक ३० लिटरची, तिचा कमरेचा पट्टा म्हणजे नुसती पातळ फीत. दुकानात सांगतात, ६० घ्या, रिकामी राहिली तरी काय बिघडतं? खरंच काही बिघडत नाही का?

डोंगरयात्री
बिघडतं. रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतो, आणि नाही भरली तर आतलं सामान हलतं, दर पावलाला सॅक मागे ओढते. एका मुक्कामाला ४५ ते ५० लिटर भरपूर झाली.

आधी वजन मांडा : सॅक १.६ किलो, स्लीपिंग बॅग १.३, कॅरीमॅट ०.४, तंबूचा निम्मा वाटा १.३, कपडे १.२, शिधा आणि शेगडीचा वाटा १.५, पाणी ३ लिटर म्हणजे ३ किलो, बॅटरी-औषधं वगैरे ०.७. झाले ११ किलो. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ओझं ठेवायचं म्हटलं तर तुमची मर्यादा साडेअकरा. म्हणजे ६० लिटरची सॅक भरायला तुमच्याकडे वजनाची मुभाच नाही.

लिटरपेक्षा महत्त्वाची पाठीची लांबी, आणि तीच कोणी मोजत नाही. मान पुढे झुकवा, मानेच्या मुळाशी जो मणका टोचून वर येतो तिथे टेपचं टोक धरायला सांगा. दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. अंगठे जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचं माप. उंचीवरून अंदाज बांधू नका. सारख्या उंचीच्या दोन माणसांत ४-५ सेंमीचा फरक सहज निघतो.

दुकानात सॅक रिकामी घालून बघणं निरुपयोगी. पाण्याच्या बाटल्या घेऊन जा, १० किलो भरा. सगळे पट्टे सैल करा, मग आधी कमरेचा पट्टा आवळा. कमरेच्या हाडाचा वरचा काठ पट्ट्याच्या मधोमध यायला हवा. त्यानंतर खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे, छातीचा सगळ्यात शेवटी. नीट बसली तर बहुतेक भार कमरेवर जातो, खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकतं. पोटावर कमरेच्या पट्ट्याच्या गादीच्या दोन टोकांत चार बोटं अंतर उरू दे. टोकं एकमेकांना भिडली तर पट्टा तुम्हाला मोठा आहे, आणखी आवळताच येणार नाही. २० मिनिटं चाला, जिना चढा-उतरा.

कातळवाट
वरच्याशी सहमत. आपल्या डोंगरांसाठी एक भर : मॅट आडवी बाहेर बांधू नका. कुलंगच्या कोरीव पायऱ्यांवर एका बाजूला कातळ असतो. मॅटचं टोक त्याला लागलं की धक्का थेट दरीच्या बाजूला बसतो. मॅट उभी, नाहीतर आत गोल पसरून, मधल्या पोकळीत बाकी सामान. बाजूच्या उथळ खिशातली बाटली वाकलं की निसटते आणि खालून चढणाऱ्याच्या डोक्यावर येते. खिसा खोल हवा, वर आवळायची दोरी हवी.

भरताना तळाशी स्लीपिंग बॅग, पाणी आणि शिधा पाठीला चिकटून मधोमध, कपडे बाहेरच्या अंगाला. जड वस्तू बाहेर गेली की तोल मागे जातो.

आणि हरिहरला मुक्काम पायथ्याशीच करा. त्या जवळजवळ उभ्या पायऱ्या खोबणीत बोटं रोवून चढायच्या आहेत, उतरताना तोंड कातळाकडे. तिथे फक्त छोटी सॅक.

रानवाट
माप ४३ सेंमी आलं. रेनकव्हर लागेल का?

डोंगरयात्री
४३ बऱ्याच कंपन्यांत लहान आणि मध्यमच्या सीमेवर येतं, म्हणून पाठ खाली-वर करता येणारी सॅक बघा. बायकांसाठीची घालून पाहाच. खांद्याचे पट्टे जवळ आणि वळणदार असतात, छातीला काचत नाहीत.

रेनकव्हर डिसेंबरात क्वचित लागेल. पावसाळ्यात मात्र ते एकटं पुरत नाही, पाठीच्या बाजूने पाणी झिरपतंच. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तिचं तोंड पिळून दुमडलेलं. आणि हिवाळ्यात निफाडकडे पारा ५-६ अंशांखाली जातो तशा रात्री गडावर स्लीपिंग बॅग ओली झाली तर झोप विसरा.

कातळवाट
ओली सॅक कपाटात कोंबू नका. आतला थर दमटपणाने चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात, वास येतो. सौम्य साबण, हाताने धुणं, सावलीत उलटी टांगून वाळवणं, मशीन नको. कमरेच्या पट्ट्याचं एक जादा बक्कल जवळ असू द्या, पायाखाली आलं की तेच आधी तुटतं. घेताना त्याची रुंदी मोजा, अर्ध्या सेंमीने चुकलं तरी पट्टा सरकत राहतो.