औषधाला ५० लाख, रात्री कूस बदलायला कोण?

कराडची आई: माझ्या मुलाला डुशेन आहे, स्नायू हळूहळू निकामी करणारा जन्मजात आजार. वय १५. अकराव्या वर्षी चालणं सुटलं. आता रात्री पाच-सहा वेळा हाक मारतो, "आई, वळव." दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ ला आलं, पुढच्या वर्षी मदतीची मर्यादा ५० लाख झाली. पण ती उपचारांसाठी, तीही ठरलेल्या केंद्रांतूनच. श्वासाला आधार देणारा बायपॅप आम्ही दागिने मोडून घेतला. माझ्या मते आधी रोजची निगा, मग महागडी औषधं.

एसएमएवाला काका: ताई, त्रास कळतो, पण पटत नाही. आमच्या पुतणीला एसएमए आहे, हाही स्नायू दुबळे करणारा जन्मजात आजार, त्यातला टाइप १, म्हणजे तान्हेपणीच दिसणारा. औषध नसेल तर अशी बहुतेक बाळं श्वासाच्या आधाराशिवाय दोन वर्षंही काढत नाहीत. मग निगा कुणाची राखायची? २०२१ मध्ये एसएमएच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी गावोगाव वर्गण्या काढल्या लोकांनी. खरी लढाई किमतीशी आहे. रिस्डिप्लाम या एसएमएच्या औषधाची बाटली सहा लाखांच्या घरात होती, २०२५ मध्ये देशी जेनेरिक १५,९०० ला आलं.

कराडची आई: काका, तुमच्या आजाराला औषध आहे, म्हणून भांडता तरी येतं. आमच्याकडे स्टेरॉइड, त्यानं चालणं थोडं लांबतं, इतकंच. पुढे श्वास आणि हृदय. जेनेरिक येऊन माझी पाठ थांबणार आहे का दुखायची?

तालुक्याची फिजिओ: मी ताईंच्या बाजूनं. घोटे आखडल्यावर मुलं माझ्याकडे येतात, तोवर उशीर झालेला असतो. मुलाच्या स्नायूंना ताण देण्याचे व्यायाम आई-बापाला वेळेत कुणी शिकवलेलेच नसतात.

हिशोबी: कटू बोलतो. लग्नाआधी कॅरिअर टेस्ट, म्हणजे आजाराचं सदोष जनुक अंगात आहे का याची तपासणी, सक्तीची करा, प्रश्नच मिटेल.

कराडची आई: माझी केलीय. मी कॅरिअर नाही. डुशेनच्या साधारण एक तृतीयांश मुलांत दोष नव्यानंच तयार होतो, आईकडून येत नाही. सासरी हे पटवायला मला चार वर्षं लागली, तुम्हाला एका ओळीत सांगितलं.

हिशोबी: माहीत नव्हतं. पण पैसा मर्यादितच आहे, हे म्हणणं मागे घेत नाही.

एसएमएवाला काका: औषधावर मीही ठाम आहे. पण ताई, पुतणीलाही वळवावं लागतं. तुम्ही कसं करता?

कराडची आई: जुनी नायलॉनची साडी चौघडी करून कमरेखाली घाला नि साडीच ओढा. सुती नको, अडकते.