अलेक्सेई म्हणे ‘लाडोबा’ होता!

लालबागची लेक:
काल ‘दादर पश्चिम’ यांनी लिहिलं की रशियाच्या शेवटच्या झारचा मुलगा अलेक्सेई म्हणजे निव्वळ लाडोबा. जेवणाच्या टेबलावर धिंगाणा, पाहुण्यांच्या खोड्या, ऐकणं कुणाचंच नाही, आणि सगळे इतिहासकार तेच सांगतात. रात्री साडेअकराला वाचलं, झोप उडाली. म्हणून हे लांबण.

टेबलावरचे हे किस्से सांगितले कुणी? दरबाऱ्यांनी, पाहुण्यांनी. त्याला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, ही गोष्ट तर घराबाहेर जाऊच दिली नव्हती. बहिणींना फ्रेंच शिकवणाऱ्या जिलियारलासुद्धा बरीच वर्षं धड काही सांगितलं नव्हतं. पोरगं लोकांसमोर यायचं ते बऱ्या दिवशी, आणि बऱ्या दिवशी ते उधळायचंच. 1912 साली पोलंडमधल्या स्पालाच्या शिकारवाड्यात तो आत वेदनेने कण्हत होता, तेव्हा पाहुण्यांपुढे बहिणींचं नाटक चालू होतं. आई हसतमुखाने बसायची, मधेच उठून आत धावायची. पाहुण्यांना दिसलं ते नाटक.

माझ्या धाकट्या भावाला हाच आजार. चाळीत सगळे म्हणायचे, आईने डोक्यावर चढवून ठेवलाय. कारण तो कठड्यावर चढायचा तेव्हा अख्खी चाळ बघायची. गुडघा नारळाएवढा सुजून रात्रभर रडायचा तेव्हा दार लावलेलं असायचं. शाळेत पीटीचे सर ‘नाटकी’ म्हणायचे. आजही लोकलच्या अपंगांच्या डब्यात चढला की कुणीतरी विचारतंच, ‘तुला काय धाड भरलीय?’

दादर पश्चिम:
ताई, भावाबद्दल वाईट वाटलं, पण चाळीवरून रशियाचा इतिहास ठरत नाही. व्हिक्टोरिया राणीचा लिओपोल्ड, आजार तोच. ऑक्सफर्डला शिकला, आईच्या कागदपत्रांचं काम बघितलं. त्याने कुठे टेबलावर धिंगाणा घातला? आणि अलेक्सेईला शिस्त नव्हती हे तुमचा जिलियारच लिहून गेलाय.

लालबागची लेक:
लिओपोल्ड तिशीत पडून गेला, तेही सांगा की. आणि जिलियार अर्धाच वाचलात. राखणीला ठेवलेले दोन खलाशी सारखे मागे असतात म्हणून मुलाला स्वतःला आवरायची सवय लागत नाही, हे त्याचं म्हणणं. आईबापांनी ऐकलं, पहारा सैल केला. थोड्याच दिवसांत पोरगं वर्गातल्या खुर्चीवरून घसरलं, गुडघा आपटला, पाय सुजला. तरी आईबापांनी मास्तरला बोल लावला नाही, मोकळीकही काढून घेतली नाही. याला लाड म्हणायचं?

बखरवाला:
आपल्याकडे काय वेगळं झालं? सवाई माधवरावाला चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रं, आणि जन्मभर नाना फडणवीसांचा पहारा. 1795च्या मार्चमध्ये खर्डा जिंकला, ऑक्टोबरात पोरगं शनिवारवाड्यात वरून पडून गेलं. वय 21.

ठाणे स्लो:
नाना कुठून आले मधेच? ताप होता, वातात तोल गेला. उगाच आत्महत्या सुचवू नका.

बखरवाला:
सुचवलं कुठे? तुम्हालाच आठवली.

ठाणे स्लो:
नाना नसते तर राघोबाने ते पोर वर्षभर जगू दिलं नसतं! ज्यांना फडात दोन ओळी खरडता येत नाहीत ते नानांना शिकवायला निघालेत.

बखरवाला:
जपणं आणि कोंडणं यातला फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं. विशीतल्या पेशव्याने चुलतकाकाशी पत्रव्यवहार केला तर केवढा गहजब!

ठाणे स्लो:
चुलतकाका म्हणजे राघोबाचा मुलगा, दुसरा बाजीराव. पुढे काय दिवे लावले ते बघितलं ना? नानांचंच बरोबर ठरलं.

लालबागची लेक:
अहो, अलेक्सेई!

दादर पश्चिम:
त्याच्याकडेच येतो. क्रांतीनंतर सायबेरियात तोबोल्स्कला कैदेत असताना घसरगाडीवर बसून जिन्यावरून खाली आला म्हणतात. रक्तस्राव ओढवून घेतला. हा हट्टीपणा नाही?

लालबागची लेक:
कुणी जिना सांगतं, कुणी खोकला. धरू या जिनाच. तेरा वर्षांचं पोर, बाहेर पहारेकरी, अंगणातली बर्फाची टेकडीसुद्धा शिपायांनी फोडून टाकलेली. माझ्या भावाने एका मे महिन्यात गच्चीच्या पाण्याच्या टाकीवरून उडी मारली होती. का, तर ‘सगळे मारतात’. तीन आठवडे पलंगावर. विचारलं तर म्हणाला, मस्त वाटलं. अलेक्सेई त्यानंतर पुन्हा धड चालला नाही. जुलै 1918मध्ये सगळ्या कुटुंबाला गोळ्या घालायला तळघरात नेलं तेही बापाने कडेवर घेऊन.

दादर पश्चिम:
बरं. ‘लाडोबा’ मागे घेतो, तुमच्या भावाला घाबरून. ‘हट्टी’ तेवढं राहू द्या.

लालबागची लेक:
राहू द्या. भाऊ म्हणतो, चालेल.

ठाणे स्लो:
आणि नानांचं काय ठरलं?