पुण्यातले वाडे आणि आपला खानदेश: अभिमान की हिशेब?

तापीकाठ:
दिवाळीत मुलीला विश्रामबागवाडा दाखवला. सुरूदार खांब, कोरीव सज्जा पाहून डोळे निवले. पण साल 1807 आहे हे कळलं आणि मन खट्टू झालं. 1802 पासून होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला, 1803-04 मध्ये दुष्काळ पडला, गावंच्या गावं ओस पडली. त्यानंतर तीनच वर्षांत दुसऱ्या बाजीरावाने राजधानीत एका वाड्यावर दोन लाख रुपये घातले! सरदारांचंही तेच. पेशव्यांच्या नजरेसमोर राहायचं तर पुण्यात वाडा हवा, आणि खर्च निघणार सरंजामाच्या, म्हणजे सरदारांना वसुलासाठी तोडून दिलेल्या गावांतून. 'आपलं वैभव' म्हणताना त्या रयतेची आठवण तिथे कुठेच नाही, याचा मला राग येतो.

पेठेतली लेक:
दादा, मी जळगावची, सासर पुण्यात. राग समजतो, पण सगळे वाडे एका मापाने मोजू नका. शनिवारवाड्याची वास्तुशांत 1732 ची, खर्च 16,110 रुपये. निजामाशी झालेल्या भालकीच्या तहाने खानदेशातला मुलूख मराठ्यांकडे आला 1752 मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. तो वाडा आपल्या वसुलावर उभा राहिलाच नाही. आणि होळकरांची झळ पुण्यालाही बसली. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरच्या लढाईनंतर पेशवा पळाला, शहर मागे राहिलं.

जुनी पेठ, धुळे:
वाडा कोणी बांधला यावरच का थांबायचं? विश्रामबागवाड्यात 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. टिळकांनी 1894 मध्ये सार्वजनिक गणपती बसवला तो विंचूरकरांच्या वाड्यात. पुढे 1905 मध्ये त्यांनी गायकवाड वाडा विकत घेतला, तोच आजचा केसरीवाडा. सरदारांची घरं लोकांची झाली, हाही इतिहासच ना?

तापीकाठ:
शनिवारवाड्याबद्दल ताई बरोबर आहेत, माझं चुकलं. विश्रामबागेबद्दल मात्र मागे हटणार नाही. उजाड मुलखात तगाई, म्हणजे शेतकऱ्यांना सरकारी कर्ज, द्यायची की सज्जे कोरायचे, हा निवड करण्याचा प्रश्न होता. पाठशाळा तर पेशवाई गेल्यावर आली. तिचं पुण्य बाजीरावाच्या खात्यात कसं जमा करायचं?

धाब्याचं घर:
तुम्ही पुण्यासाठी भांडताय. आपला खान्देशना वाडासले कोन देखस? अमळनेर तालुक्यात आमचा दोन चौकी वाडा होता. ओसरी, माजघर, जमिनीत धान्याचं बळद, वर मातीचं धाबं. भाऊबंदकीत वाटे पडले, दर पावसाळ्याला धाब्यावर माती टाकायला कोणी तयार होईना. शेवटी तुळया, खांब, नक्षीची चौकट असं सगळं सागवान व्यापाऱ्याने ट्रकमध्ये भरून नेलं. आईने दिंडी दरवाजाची कडी तेवढी काढून ठेवली. शनिवारवाडा 1828 मध्ये जळाला, तरी तट आणि दिल्ली दरवाजा उभे आहेत. आमच्याकडे पांढरीचा, म्हणजे पडक्या घराच्या मातीचा, ढीग आहे.

पेठेतली लेक:
वाचून गलबलले. पुण्यातही 1961 च्या पानशेतच्या पुरात किती वाडे बसले, उरलेल्यांच्या जागी इमारती आल्या. पण तिथे निदान नकाशे, फोटो राहिले.

तापीकाठ:
भाऊ, बळदाचं माप आठवतं का? आणि चौक कोणत्या दिशेला होता? येत्या रविवारी मी वही घेऊन येतो. आईंना ती कडी जपून ठेवायला सांगा.